सातबारा तिथं चालत नाही

मिनियापोलिसमध्ये जन्मलेल्या गेल ऑम्वेट १९७६ साली डॉ. भारत पाटणकरांशी लग्न करून सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या सूनबाई झाल्या. १९८३ मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २५ ऑगस्ट २०२१ ला त्या गेल्या, त्या कासेगावच्या होऊनच. ब्राह्मणेतर चळवळीवरचं त्यांचं संशोधन, श्रमिक मुक्ती दलाच्या पाण्याच्या आणि दुष्काळाच्या लढ्यांतला त्यांचा सहभाग, ग्रामीण स्त्रियांच्या हक्कांवरचं त्यांचं लेखन या सगळ्याला वाळवा तालुक्यातल्या त्या घराचा आधार होता. त्यांना इथं संसार मांडता आला, म्हणून महाराष्ट्राला एवढं मिळालं.

पाटणकरांनी वैद्यकीचं शिक्षण घेतलेलं, पण तो मार्ग सोडून ते चळवळीचे पूर्णवेळ कार्यकर्ते झालेले. पगार नाही, मालक नाही, महिन्याच्या शेवटी हातात पडणारी पावती नाही. आधार होता तो घराचा, गोतावळ्याचा आणि पत्री सरकारच्या काळात स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या सासूबाई इंदुताईंचा. आज ब्रिटिश नागरिकाला परदेशी नवरा किंवा बायको आणण्यासाठी जी अट पाळावी लागते, ती या लग्नाला लावून पाहिली तर अर्ज पैशाच्या रकान्यातच अडकला असता. अनेक श्रीमंत देशांत हा रकाना आता लग्नाच्या दाखल्यापेक्षा मोठा झाला आहे. साताऱ्या-सांगलीतली ज्यांची मुलं तिकडे स्थायिक झाली, तिकडची नागरिक झाली आणि लग्नासाठी मात्र गावाकडे वळली, अशा घरांना तो चांगला माहीत आहे. लग्न ठरतं, साखरपुडा होतो, हॉल बुक होतो आणि मग कुणीतरी विचारतं, ‘स्पॉन्सरचे कागद झाले का?’

येणारा माणूस आपल्या तिजोरीवर ओझं होईल का, हे कुठल्याही सरकारनं विचारावं. त्यात मला वावगं वाटत नाही. जिथं आजारपण, बेकारी आणि म्हातारपण यांची जबाबदारी सरकार उचलतं, तिथं कर भरणाऱ्यांना हा प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. माझा आक्षेप आहे तो उत्तर शोधण्याच्या रीतीला. दोन माणसांच्या संसाराची ताकद एकाच माणसाच्या पगारात मोजायची, दुसऱ्याचं कसब शून्य धरायचं आणि पाठीशी उभं असलेलं घर तर पाहायचंच नाही, ही रीत खोटं उत्तर देते. त्याहून वाईट म्हणजे ती दुसऱ्या माणसाला खरोखरच पहिल्याच्या हाती सोपवते. परावलंबी माणूस नको म्हणून केलेला कायदा माणसाला परावलंबी करतो.

ब्रिटनचंच घ्या. जुलै २०१२ मध्ये तिथं नियम आला की परदेशी जोडीदार आणणाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न किमान १८,६०० पौंड हवं. त्यामागे निदान एक हिशेब होता. स्थलांतर सल्लागार समितीनं सांगितलं होतं की एवढं कमावणाऱ्या जोडप्याला उत्पन्नाशी जोडलेली सरकारी मदत लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं ही रक्कम थेट ३८,७०० वर नेण्याची घोषणा केली. ओरड झाल्यावर टप्पे पाडले आणि ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० पौंडांचा पहिला टप्पा लागू झाला. नंतर सत्ताबदल झाला, पुढचे टप्पे थांबले, पण २९,००० कायम राहिले. रुपयांत ही रक्कम तीस लाखांच्या वर जाते. तिच्या आकाराइतकंच तिचं मूळही पाहण्यासारखं आहे. कुशल कामगारांच्या व्हिसाला पात्र असलेल्या नोकऱ्यांचे पगार चढत्या क्रमानं मांडले, तर खालून पंचवीस टक्क्यांवर जो पगार येतो तो हा आकडा. म्हणजे सरकारी मदत लागू नये, हा मूळ हेतू मागे पडला आणि नोकरदार आयात करताना लावायचं माप नवरा-बायकोला लावलं गेलं. जून २०२५ च्या अहवालात त्याच सल्लागार समितीनं हे माप कुटुंबासाठी बनलेलंच नाही असं म्हटलं आणि त्याहून खालच्या रकमांचे पर्याय पुढे ठेवले.

याचा अर्थ साध्या गुणाकारानं कळतो. एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमध्ये कायद्यानं ठरलेलं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होतं. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एकही बिनपगारी सुट्टी नाही, असं राबणाऱ्याला वर्षाला २५,४०० पौंडांच्या आसपास मिळाले. ज्या वेतनाला सरकार स्वतः ‘जगण्यापुरतं’ म्हणतं, त्यावर पूर्णवेळ काम करणारा तिथला नागरिक आपल्या बायकोबरोबर राहायला पात्र नाही. लंडनच्या दुकानात, गोदामात किमान वेतनावर राबणाऱ्यांना हा कायदा सांगतो की तुमचे कष्ट देशाला चालतील, पण तुमचं लग्न परवडणार नाही.

बाईवर याचा मार दुहेरी बसतो. तिकडच्या सरकारी रुग्णालयातल्या सुरुवातीच्या श्रेणीतल्या नर्सला २०२५-२६ मध्ये वर्षाला ३१,०४९ पौंड मिळत होते. पूर्णवेळ काम केलं तर ती अट पार करते. समजा, कोरेगावहून गेलेली, तिथं कायमची झालेली अशी नर्स गावाकडच्या मुलाशी लग्न करते आणि कागद होण्याआधीच तिला मूल होतं. परक्या देशात एकटीनं तान्हं मूल सांभाळायचं तर ड्यूटी अर्ध्यावर आणावी लागते. अर्ध्या ड्यूटीचा पगार साडेपंधरा हजार. नवरा जवळ नाही म्हणून पूर्ण काम जमत नाही आणि पूर्ण काम नाही म्हणून नवऱ्याला येता येत नाही. नवरा आला तर तो मूल सांभाळेल किंवा स्वतः कमावेल, दोन्ही बाजूंनी सरकारचा भार हलकाच होईल. पण भारतातून अर्ज करणाऱ्या त्या नवऱ्याच्या उद्याच्या कमाईला त्या फॉर्मवर जागा नाही. तो इंजिनिअर असो की फिटर, इकडे लाखभर पगार घेत असो, त्याच्या नावापुढे शून्य. वर अर्जाची फी आणि आरोग्यसेवेचा अधिभार आहेच. अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, पहिल्या व्हिसासाठी ३,१०५ आगाऊ. सरकारी मदतीला हात लावायचा नाही ही अट निराळी. ओझं होऊ नये याची एवढी तजवीज आधीच असताना पगाराचा उंबरठा इतका वर कशासाठी, याचं पटेल असं उत्तर मी अजून वाचलेलं नाही.

आता आपल्या बाजूनं पाहू. कृष्णाकाठच्या घराची ऐपत कशात असते? उसात, हळदीत, द्राक्षात, तासगावच्या बेदाण्यात, गोठ्यातल्या दुभत्या जनावरांत, विकास सोसायटीतल्या पतीत आणि चार भावांच्या एका चुलीत. कारखान्याचं ऊसबिल हप्त्यांनी येतं. बेदाणा शीतगृहात पडून राहतो आणि दर चढला की निघतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे अनेक शेतकऱ्यांकडे आयकराचं विवरणपत्र नसतं. खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांनी देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळून घरं उभी केली, पण ती कमाई धंद्याची आणि घराच्या भागीदारीची. या सगळ्यातून लग्न, शिक्षण, दवाखाना, घरबांधणी निभते. मात्र ‘गेल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या जोडा’ म्हटलं की यातलं काहीच जोडता येत नाही.

ब्रिटनचा नियम तर सासरे-मेहुण्यांच्या आधाराला एरवी थाराच देत नाही. सासऱ्यानं ‘दोघांना मी सांभाळीन’ असं लिहून दिलं तरी ते सर्वसाधारण अर्जात धरलं जात नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध ठरवली, पण मुलांच्या हिताचा विचार नीट झालेला नाही आणि दुसऱ्या मार्गांनी येणारा पैसा पाहायलाच नकार देणं बरोबर नाही, असंही बजावलं. त्यानंतर नियमात फट पडली, ती अपवादात्मक परिस्थितीपुरती. दुसरा मार्ग बचतीचा. उत्पन्न अजिबात न दाखवता केवळ बचतीवर यायचं तर ८८,५०० पौंड, म्हणजे जवळपास एक कोटी रुपये, सहा महिने खात्यात हवेत. ते भेट म्हणून मिळालेले असले तरी चालतात, उसने चालत नाहीत. बागायती पट्ट्यात एक कोटीची जमीन असलेली घरं कमी नाहीत. पण एक कोटीची जमीन म्हणजे खात्यातले एक कोटी नव्हेत.

अमेरिकेचा कायदा याबाबतीत थोडा उमदा आहे. तिथं ‘सार्वजनिक भार’ ठरू शकणाऱ्याला परत पाठवण्याची तरतूद १८८२ च्या कायद्यापासून आहे, आणि १९९६ च्या दुरुस्तीनंतर आधाराचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे आय-८६४ हा फॉर्म, करारासारखा बंधनकारक झाला. स्पॉन्सरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापट हवं. २०२५ च्या आकड्यांनुसार दोघांच्या घराला हे साधारण २६,४०० डॉलर होतं. कमी पडलं तर अमेरिकेत राहणारा दुसरा कुणी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक सहस्पॉन्सर होऊ शकतो. त्यामुळे एडिसनचा मामा कामाला येतो, कराडचा काका येत नाही. मालमत्ताही धरतात. नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट किमतीची मालमत्ता पुरते आणि ती येणाऱ्या जोडीदाराच्या नावावर असली तरी चालते, भारतातली असली तरी चालते. अट एकच, ती वर्षाच्या आत फारशी झळ न सोसता रोख करता यावी आणि तो पैसा देशाबाहेर नेता यावा.

इथं आपला सातबारा अडतो. महाराष्ट्रात शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय विकता येत नाही, १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा लहान हिश्श्याला आडवा येतो. त्याआधी खातेफोड झालेली नसते, आजोबांच्या पश्चात वारसनोंद राहून गेलेली असते, आत्यांची हक्कसोडपत्रं झालेली नसतात. अशी जमीन वर्षभरात कोण रोख करणार? आणि मुलीचं नाव त्या उताऱ्यावर लागलेलं असतं का? वारसाहक्कात मुलीला मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ ला झाली, देशभर २००५ ला. तरी लग्नाआधी किंवा लग्नानंतर लगेच बहिणीकडून हक्कसोड घेण्याची चाल आपल्याकडे राहिली आहे. ज्या मुलीला माहेरच्या जमिनीतला वाटा कागदावर मिळाला असता, तिनं निदान एका परक्या कार्यालयात ‘हे माझं आहे’ असं म्हटलं असतं. परदेशी कायदा तिला रिकाम्या हातांची समजतो हे खरं, पण ते हात आधी आपणच रिकामे केलेले असतात.

तिकडच्या अधिकाऱ्याचा आपल्या कागदांवर विश्वास नसतो, ही तक्रार अनेक घरांत असते. तो अविश्वास सगळाच बिनबुडाचा नाही. व्हिसासाठी पाहुण्यांकडून पैसे गोळा करून खात्यावर ‘दाखवायला’ ठेवायचे आणि काम झालं की परत करायचे, हे धंदे झाले, म्हणून सहा महिन्यांची अट आली. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला तेव्हा ठेवीच्या पावत्या हातात घेऊन बसलेली माणसं आपण पाहिली आहेत. पतसंस्थेच्या दाखल्याकडे परका अधिकारी साशंक नजरेनं पाहतो, त्याला हाही इतिहास कारण आहे. मात्र कागद तपासून घेणं वेगळं आणि पगाराव्यतिरिक्त कुठलाच कागद ऐकून न घेणं वेगळं. पहिलं कुठल्याही सरकारचं कामच आहे. दुसऱ्यात आळस आहे, आणि माणसं नकोशी वाटत असली की असा आळस सोयीचा होतो.

हे दुसऱ्या रीतीनं करता येतं. कॅनडात, क्वेबेक सोडता, नवरा किंवा बायको आणण्यासाठी सर्वसाधारणपणे किमान उत्पन्नाची अटच नाही. स्पॉन्सर तीन वर्षांच्या पालनपोषणाची हमी देतो आणि तेवढं पुरतं. जर्मनीत जर्मन नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला भाषेची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते, पण उदरनिर्वाहाची खात्री नाही म्हणून त्याला सहसा नाकारायचं नाही असं कायदाच म्हणतो. युरोपीय न्यायालयानं मार्च २०१० मध्ये नेदरलँड्सच्या एका प्रकरणात सांगितलं की उत्पन्नाचा आकडा खुणेपुरता ठेवा, त्या आकड्याखाली आलेल्याला आपोआप नाकारू नका, प्रत्येक घराची परिस्थिती पाहा. त्या प्रकरणातला नवरा मोरोक्कोहून आलेला कामगार होता. १९७० पासून नेदरलँड्समध्ये, १९७२ पासून विवाहित, आणि दरमहा शंभर-सव्वाशे युरो कमी पडले म्हणून बायको दूर. या देशांची तिजोरी त्यामुळे बुडाली, असं काही घडलेलं नाही.

आपल्या देशाचाही हिशेब मांडायला हवा. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला इथं राहण्याचा व्हिसा मिळतो. साताऱ्यात किंवा सांगलीत राहत असेल तर नोंदणीचं काम जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे. लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं झाली की ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो आणि सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी. यात कुठेही भारतीय जोडीदाराच्या पगाराचा ठरावीक उंबरठा नाही. पाकिस्तान-बांगलादेशाशी नातं असलेल्यांना ओसीआयचं दार बंद आहे, तो वेगळ्या लेखाचा विषय. पगार न विचारण्यामागे आपलं औदार्य किती आणि आपलं सरकार नागरिकाला देतंच थोडं, म्हणून धास्तीही थोडी, हे किती, याचा प्रामाणिक विचार व्हावा. तरीही परिणाम चांगला झाला आहे. कासेगावसारख्या गावात परदेशी सून राहू शकली, ती कुणाच्या पगारपत्रकावर विसंबून नव्हती.

संसार पगारानं तुटतो हे या दोन जिल्ह्यांना कुठल्या परदेशी सरकारनं शिकवण्याची गरज नव्हती. साताऱ्याच्या डोंगरी पट्ट्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या पिढ्यांनी ते भोगलं. गिरणीचा पगार आणि गिरणगावची खोली यांत बायको-मुलं मावत नव्हती. गडी खानावळीत जेवायचा, मनिऑर्डर पाठवायचा, बाई गावी शेती, सासू-सासरे आणि पोरं सांभाळायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मनिऑर्डरी थांबल्या, तेव्हा ही घरं कोण चालवत होतं ते लख्ख दिसलं. गिरणी कामगाराची बायको आकडेवारीत ‘अवलंबून असलेली’ होती. प्रत्यक्षात तिच्या राबण्यावर नवऱ्याचा तुटपुंजा पगार तगला होता. आजचे स्पॉन्सरचे नियम त्या आकडेवारीचीच चूक पुन्हा करतात. फरक इतकाच की तेव्हा दोघांमध्ये एक रात्रीचा प्रवास होता, आता समुद्र आहे आणि दारात पहारा. मार्च २०२४ पासून ब्रिटननं वृद्ध-आजाऱ्यांची काळजी घेण्यासाठी बोलावलेल्या नव्या केअर वर्करना जोडीदार-मुलं आणायला सरसकट मनाई केली. इतरांच्या आई-वडिलांना न्हाऊ-माखू घालायला या, पण आपली माणसं घरी ठेवून या, असं ते सांगणं होतं.

आणि लग्न ठरवताना आपण काय करतो? वधू-वर मेळाव्याच्या परिचय पुस्तिकेत वार्षिक उत्पन्नाचा रकाना असतोच. पॅकेज किती, पुण्यात फ्लॅट आहे का, शेती बागायत की जिरायत. मुलीकडच्यांना मुलाच्या नावावर शेती हवी असते, पण मुलगा शेती करणारा नको असतो. शेजारच्या सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्न न जमणाऱ्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, त्यामागचं दुःख खरं होतं. त्या दुःखाचं एक मूळ मुलीला खर्चाची बाब मानण्यात आहे. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये २०१७ साली स्त्रीभ्रूणहत्येचं जे प्रकरण उघडकीला आलं, ते याच हिशेबाचं टोक होतं. येणारी बाई म्हणजे एक खर्च, तो कोण पेलणार ते आधी सांगा, हा विचार परदेशी सरकारनं आपल्यावर लादलेला नाही. आपल्या बैठकीतही तोच असतो. म्हणून मुलाचं परदेशातलं उत्पन्न आपण कौतुकानं विचारतो आणि तिकडचं सरकार तेच विचारू लागलं की आपल्याला अपमान वाटतो.

या हिशेबाला इथल्याच बायांनी एकदा उत्तर दिलं आहे. ऐंशीच्या दशकात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं सांगली-साताऱ्याच्या गावांत नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना एकत्र केलं. इंदुताई पाटणकर त्यात पुढे होत्या. त्या परित्यक्तांची मागणी दयेची नव्हती. स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड हवं, घर बांधायला जागा हवी, जमिनीत हिस्सा हवा, अशी ती होती. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर असलं की टाकलेल्या बाईला सरकारच्या लेखी घरच नसतं, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. नवऱ्याच्या कागदावर बायकोचं नाव लिहून तिची व्यवस्था झाली असं मानणारं सरकार तिला नवऱ्याच्या लहरीवर सोडतं. स्पॉन्सरशिपचा व्हिसा हे त्या रेशनकार्डाचंच परदेशी रूप आहे. नवरा पहिल्या काही वर्षांत उलटला तर मुलीचा राहण्याचा हक्क डळमळतो, आणि ही भीती तिला मार खाऊनही गप्प बसवते. याची जाणीव तिकडेही आहे. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानं छळ झालेल्या जोडीदाराला स्वतःच्या नावानं अर्ज करण्याची वाट दिली, ब्रिटननंही कौटुंबिक हिंसाचाराच्या बळींना स्वतंत्रपणे राहण्याची सोय ठेवली. या वाटा मोलाच्या आहेत. पण मार खाल्ल्याचा पुरावा दिल्यावरच बाईला स्वतंत्र व्यक्ती मानायचं, ही काही अभिमानाची व्यवस्था नाही.

म्हणून नियम बदलायचेच तर रक्कम कमी-जास्त करण्यापेक्षा मोजणी बदलावी. दोघांचं शिक्षण, हातातलं कसब, मिळालेली नोकरीची पत्रं, दोघांच्या घरांचा तपासून घेतलेला आधार, आणि मूल असेल तर ते सांभाळणाऱ्या हातांची किंमत, एवढं धरून प्रत्येक अर्ज पाहावा. यात कारकुनी वाढेल, खर्च वाढेल, लबाडीला एखादी नवी फटही मिळेल. हे मान्य करूनही मी म्हणेन की एका आकड्यावर हजारो घरं तोडण्यापेक्षा तो खर्च बरा. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी गणपती-दिवाळीइतक्याच जोमानं हा विषय तिथल्या लोकप्रतिनिधींसमोर न्यायला हवा. तिथं मत देणारे तेच आहेत, आपण नाही.

आपल्या हातात आहे ते आपण करावं. परदेशातलं स्थळ पाहताना मुलाच्या पगाराचा आकडा विचारण्याऐवजी तो कुठल्या व्हिसावर आहे, लग्नानंतर मुलीला कुठला व्हिसा मिळेल, त्यावर तिला काम करता येईल का, हे विचारावं. लग्नाची नोंदणी ताबडतोब करावी. मुलीचे पासपोर्ट, पदव्या, लग्नाचा दाखला यांच्या मूळ प्रती तिच्या ताब्यात असाव्यात आणि तिकडे पोचल्यावर तिच्या एकटीच्या नावानं बँकेचं खातं निघावं. लग्नाचा खर्च निम्म्यावर आणून उरलेला पैसा तिच्या नावावर ठेवता येतो. भारतातून बाहेर पैसे पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, तेव्हा बापाला ते कायद्यानं पाठवताही येतात. आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेऊ नये.

अमेरिकेला जाणाऱ्या मुलींच्या आई-वडिलांसाठी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण ती फार थोड्या घरांत माहीत असते. नवऱ्यानं भरलेला आय-८६४ हा केवळ सरकारला दिलेला शब्द नाही. त्या हमीप्रमाणे तिला किमान आधार दिला नाही, तर ज्या बायकोसाठी तो भरला ती स्वतः त्याच्यावर न्यायालयात दावा लावू शकते. ही हमी घटस्फोटानं संपत नाही. बायको नागरिक झाली, तिच्या नावे कामाच्या चाळीस तिमाह्या जमा झाल्या, ती देश कायमचा सोडून गेली किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला, तरच ही हमी सुटते. सहस्पॉन्सर म्हणून सही केलेला मामाही तितकाच बांधला जातो. तेव्हा तो फॉर्म दाखल होईल तेव्हा त्याची सह्यांसकट पूर्ण प्रत मागून घ्यावी, एक मुलीच्या सामानात ठेवावी आणि एक माहेरच्या कपाटात.